भाकरीच्या सोबतीला काय होते?

शिरूर कासारच्या परिसरात रब्बी ज्वारीची भाकरी हे काही नव्याने सापडलेले पथ्य नव्हे. शहरात मात्र ती आता आरोग्याचे अन्न म्हणून मानाने ताटात आली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले; वनस्पतिजन्य आहार घ्या, असा सल्ला तर सगळीकडून मिळतो. सल्ला चांगलाच आहे. पण दख्खनच्या पठारावर याच भाकरीशी जोडलेल्या एका रोगाचा इतिहास आहे, आणि तो वर्गात सांगण्याजोगा आहे.

रोगाचे नाव पेलाग्रा. उन्हात उघडे राहणारे हातपाय आणि गळा येथील कातडी काळवंडून सोलपटते, जुलाब लागतात, पुढे बुद्धिभ्रम होतो. उपचार न झाल्यास रोगी दगावतो. कासाल या स्पॅनिश वैद्याने 1735 साली तो मका खाणाऱ्या गरिबांत पाहिला. पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ कधी मक्यातील विषावर, कधी जंतूंवर संशय घेतला गेला. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि हा संसर्ग नव्हे, आहारातील उणीव आहे, हे दाखवले. उणीव नायसिन या जीवनसत्त्वाची, हे एल्व्हजेम यांच्या 1937 मधील संशोधनामुळे उलगडले. मक्यातले नायसिन बांधलेल्या स्वरूपात असते, शरीराला मिळत नाही. शिवाय ज्यापासून शरीर नायसिन बनवते ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लही मक्यात कमीच.

कोडे सुटले असे वाटत असतानाच ते हैदराबादेत पुन्हा उभे राहिले. (बीड जिल्हाही 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता.) कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा 1958 मध्ये हैदराबादला आली. तिथल्या डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांना पेलाग्राचे जे रोगी भेटले ते मका नव्हे, ज्वारी खाणारे होते. ज्वारीत तर ट्रिप्टोफॅनचा मक्याइतका तुटवडा नाही! मग दोन्ही धान्यांत सारखे काय? त्यांचे उत्तर होते ल्युसीन, म्हणजे दोन्हींत भरपूर असणारे दुसरे एक अमिनो आम्ल. ते जादा झाले की ट्रिप्टोफॅनपासून नायसिन वापरात येण्याच्या वाटेत अडथळा येतो, असे त्यांनी 1960 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. जादा ल्युसीन असलेली ज्वारी दिलेल्या कुत्र्यांत पेलाग्राशी मिळताजुळता रोग दिसला. पुढे परदेशातील काही प्रयोगांत ल्युसीनचा असा परिणाम आढळला नाही आणि वाद रंगला. माझ्या मते हा वाद विद्यार्थ्यांना उत्तरापेक्षाही जास्त शिकवतो.

वाद ल्युसीनचा होता. रोगी कोण, याबद्दल नव्हता. भाकरीबरोबर वरण, हुलगे, मटकी, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी, थोडे ताक असणाऱ्या घरात हा रोग सहसा येत नसे. तो येई तो ज्याच्या पुढ्यात दोन्ही वेळा भाकरी, मिरची आणि मीठ एवढेच असे त्या मजुराकडे. त्याचा आहारही वनस्पतिजन्यच होता, फक्त तो निवडलेला नव्हता. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी, ते डाळीत मुबलक; शेंगदाण्यात नायसिन चांगले. आपल्या आज्यांनी हे रसायन न शिकता ताट जुळवले होते. (ब-12 हे जीवनसत्त्व मात्र यांपैकी कोणत्याच धान्याडाळीत नाही. दूधदुभते, अंडी, मांस सारेच सोडणाऱ्याने ते वेगळे घ्यावे लागते.)

रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले, नुसत्या ज्वारीवर जगणे कमी झाले आणि पेलाग्रा दिसेनासा होत गेला.

दसऱ्यानंतर शिरूर कासारहून अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात, काही मुलेही जातात. ती परत वर्गात आली की कोपीवर रात्री भाकरीबरोबर काय असे, हे त्यांना विचारा आणि फळ्यावर लिहून घ्या. डाळ आठवड्यातून किती वेळा, हा रकाना विसरू नका.