जमशेदखानाचा नळ

नळाचा जाणता मिस्त्री घरात आल्या आल्या पाना काढत नाही. पाणी कुठून येतं, टाकी किती उंच, उतार कुठल्या अंगाला, जुनी लाइन भिंतीतून कशी गेलीय, हे आधी पाहतो. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल धरतो. मगच भिंत फोडतो.

कदीम जालन्यात ही पाहणी फार जुनी आहे. 16व्या शतकात, निजामशाहीत, जमशेदखानाने इथे काळी मशीद, हमाम आणि सराय उभारली. मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून पाणी शहरातल्या हौदांत आणलं. सर्वात मोठा हौद सरायच्या चौकात. पंप नव्हताच. हौद तलावाच्या पाण्यापेक्षा वीतभर जरी वर निघाला असता, तरी सगळं खोदकाम वाया गेलं असतं. म्हणजे मोजणी आधी झाली, आणि नेमकी झाली. मोजणारा कारागीर मात्र खानाच्या नावाखाली झाकला गेला.

पुढे मलिक अंबरने खडकीत नहर आणली. तिचं कौतुक होतं, रास्तच आहे. जालन्याचे नळ दोन ओळींत आटोपतात. आणि 2013च्या दुष्काळात याच शहराने टँकरची वाट पाहिली. इथला मिस्त्री आजही पहिला प्रश्न तोच विचारतो : नळाला पाणी किती दिवसांनी येतं?