मांजरास योग्य घर कोणतें?

अनाथ मांजरास कोणतें घर योग्य, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल; पण भूतदयेचें कार्य करणाऱ्या संस्थांचा स्वभाव त्यांत चांगलाच प्रकट होतो. आपल्याकडील पांजरपोळांत हा प्रश्न सहसा उद्भवला नाहीं. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालीं निघाला. दारीं आलेला जीव मरेपर्यंत पोसावा, ही अशा संस्थांची रीत. इंग्लंड-अमेरिकेंतील आश्रयस्थानांनीं मात्र जीव दुसऱ्याच्या हवालीं करण्याचें पत्करलें, आणि मग घेणाऱ्याची पारख करणें ओघानेंच आलें.

लंडनमध्यें मेरी टील्बी या बाईंनीं १८६० सालीं हॉलोवे येथें बेवारशी कुत्र्यांसाठीं आश्रयस्थान काढलें. १८७१ सालीं तें बॅटरसी येथें गेलें, आणि १८८३ पासून तेथें मांजरेंही घेतलीं जाऊं लागलीं. तो काळ जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीवरील वादाचा होता. त्या प्रयोगांस निर्बंध घालणारा कायदा १८७६ सालीं झाला. प्रयोगासाठीं जीव द्यावयाचा नाहीं, हा बॅटरसीचा निर्धार होता. घेणारा लबाडी तर करीत नाहीं ना, ही शंका अशी आरंभापासूनच पाठीस लागली.

अमेरिकेंत ती निराधार नव्हती. न्यूयॉर्क राज्यानें १९५२ सालीं मेटकाफ-हॅच कायदा करून, सरकारी पैशावर चालणाऱ्या आश्रयस्थानांतील बेवारशी प्राणी प्रयोगशाळांस देणें बंधनकारक केलें. हा कायदा १९७९ सालीं रद्द झाला. अशा दिवसांत दारावरचा पहारा कडक झाला तर नवल काय? पण धोका ओसरला तरी पहारा उठला नाहीं. घर स्वतःचें कीं भाड्याचें, मुलें किती वयाचीं, दिवसा घरीं कोण असतें, मांजर बाहेर सोडणार काय, असे प्रश्न विचारले जातात. कोठें कोठें घर पाहण्यास माणूसही जातो. यांतील कित्येक प्रश्न रास्त आहेत. घरमालकाची मनाई असेल तर मांजर परत येणार, हें उघड आहे.

परंतु नकाराचीही किंमत असते, आणि पिंजरा रिकामा न झाल्यानें ज्यास जागा मिळत नाहीं, त्या दुसऱ्या मांजरास ती द्यावी लागते. प्राण्यांवरील क्रौर्य थांबविण्यासाठीं १८६६ सालीं न्यूयॉर्क येथें स्थापन झालेल्या अमेरिकन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें, २०१९ सालीं त्या देशांतील आश्रयस्थानांत सुमारें ५ लक्ष ३० हजार मांजरें मारलीं गेलीं.

याच संस्थेच्या एमिली वाइस यांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत निराळी वाट दाखविली. मांजर नव्या गोष्टीस किती धीटपणें सामोरें जातें आणि माणसांत किती मिसळतें, हें पाहून त्यांनीं मांजरांचे नऊ प्रकार केले, व घेणाऱ्याच्या राहणीस जुळेल असें मांजर सुचविण्याची पद्धत बसविली. येथेंही प्रश्न विचारले जातात. मात्र ते जोडी जमविण्यासाठीं. मोठीं मांजरें फुकट नेणाऱ्यांची माया शुल्क देणाऱ्यांच्या मायेहून कमी असते काय, हेंही त्यांनीं एका सहकाऱ्यासह तपासलें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत लक्षणीय फरक आढळला नाहीं.

भीतीच्या काळीं घडलेले नियम भीति सरल्यावर पुन्हां तपासले पाहिजेत, असें आमचें मत आहे. क्रूर मनुष्यास दार बंदच असावें. पण भाडेकरू, वृद्ध किंवा कामकरी यांस केवळ ते आदर्श दिसत नाहींत म्हणून परत पाठविण्यांत मांजराचें कोणतें हित साधतें? जेथें वेळेवर अन्न, निजावयास उबदार कोपरा आणि आजारांत औषध मिळेल, तें घर आम्ही योग्यच म्हणूं.