खाणावळवालीची उधारी

गिरणगावाचा इतिहास वाचायला घेतला की युनियन भेटते, पुढारी भेटतात, दत्ता सामंतांचा संप भेटतो. खाणावळवाली बाई मात्र एका ओळीत उरकलेली असते. माझी मावशी लालबागच्या चाळीत खाणावळ चालवायची, म्हणून हे मला फार लागतं.

कोकणातून, घाटावरून माणूस गिरणीत लागायचा तो एकटा, बायकामुलं गावी. एकाच खोलीत पाळ्या लावून झोपायची सोय व्हायची, पण जेवायचं कुठे? चाळीतल्याच एखाद्या घरी, महिन्याच्या बोलीवर. पहाटे भोंगा व्हायच्या आत मावशीचे पहिल्या पाळीचे डबे तयार असत. रत्नागिरीकडच्यांना भात आणि माशाचं कालवण लागायचं. सातारकरांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. एकाला पोटाचा त्रास होता, त्याची आमटी ती तिखट घालायच्या आधीच बाजूला काढायची. गावी गेलेल्याचे खाडे वहीत मांडून हिशेबातून वजा व्हायचे.

संपात पगार थांबायचा, पण पंगत थांबत नसे. मग वाण्याची उधारी, सावकाराचं जबर व्याज, शेवटी मंगळसूत्र गहाण. युनियनच्या फंडाइतकाच संप या बायकांच्या उधारीवर तगला, असं मी ठामपणे म्हणेन. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत मुरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ते ओळखलं. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायकांकडे तारण ठेवायला काही नव्हतं. गट करून त्या एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवलं. अशाच गटाच्या जामिनावर कर्ज देण्यासाठी गाजलेली बांगलादेशातली ग्रामीण बँक १९८३ची, हे इथे सांगायलाच हवं.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या सामंतांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. महिने उलटले तसे जेवणारे गावाकडे परतले. पुष्कळांना पुन्हा गिरणी दिसली नाही. मावशीची बाकी वहीतच राहिली, तरी तिने कुणाच्या गावी माणूस धाडला नाही. वाण्याचं देणं मात्र तिने पै न् पै फेडलं. त्यासाठी खाणावळ बंद करून ती माटुंग्याला एका घरी स्वयंपाकाला जाऊ लागली. तिथे ताटं सहाच असत, आणि पगार एक तारखेला हातात पडायचा.