दहा रुपयांनी निवडणूक लढवता येते का? पक्ष आणि उमेदवार एवढी छोटी देणगी का मागतात, समजून घ्या

निवडणूक लागली की गावात दोन तऱ्हेच्या पैशाची चर्चा असते. एक वरून खाली येणारा. तो अंधार पडल्यावर येतो म्हणतात. दुसरा खालून वर जाणारा. तो दिवसाढवळ्या, पावती फाडून किंवा मोबाइलवर कोड स्कॅन करून जातो. ही माहिती त्या दुसऱ्या पैशाची आहे.

मंडप, गाड्यांचं डिझेल, पत्रकं, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता, सगळं धरलं तर विधानसभेचा खर्च लाखांत जातो. मग कोणी ५, १० किंवा ५० रुपये मागायला आला की पारावर एकच प्रश्न निघतो, "दहा रुपयांनी काय होतंय?" थोडक्यात उत्तर असं: मागणाऱ्याला पैसा हवाच असतो, पण त्याहून जास्त त्याला देणारा माणूस हवा असतो.

गावाला हे समजायला अवघड नाही. जत्रेची पट्टी ज्याने भरली तो जत्रेच्या दिवशी मंडपात खुर्च्या लावायला येतो, आणि जत्रा झाल्यावर हिशोबही विचारतो. ज्याने काहीच दिलं नाही तो लांबून बघतो. राजकारणातली छोटी देणगी माणसाच्या याच स्वभावावर चालते.

जुनी वाट: पैसा फंड आणि चार आणे

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला तो लोकांकडून एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभा करायचा म्हणून. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या फंडातून तळेगाव दाभाडे इथे १९०८ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला.

पुढे डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली आणि सभासद वर्गणी वर्षाला ४ आणे ठेवली. १९२१ मध्ये बेझवाड्याच्या, म्हणजे आजच्या विजयवाड्याच्या बैठकीत तीन उद्दिष्टं ठरली: टिळक स्वराज्य फंडासाठी १ कोटी रुपये, १ कोटी सभासद आणि २० लाख चरखे. मुदत ३० जूनपर्यंत. पैशाचं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि त्यात मोठा वाटा मुंबईतल्या धनिकांचा होता.

इथे एक साधा हिशोब करून बघा. १ कोटी सभासदांनी ४-४ आणे दिले तरी २५ लाखच होतात. म्हणजे पैसा उभा करायला धनिक पुरेसे होते, तरी १ कोटी सभासदांचं उद्दिष्ट वेगळं ठेवलं गेलं. पैसा वेगळा मोजला, माणसं वेगळी मोजली. चार आण्यांचं खरं काम माणसं जोडण्याचं होतं.

शिरोळ-हातकणंगले: 'एक नोट, एक व्होट'

अलीकडच्या काळातलं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं. ऊस दराच्या आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी २००४ मध्ये शिरोळमधून विधानसभेवर गेले, २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगलेतून लोकसभेवर गेले. त्यांच्या प्रचाराशी 'एक नोट, एक व्होट' ही घोषणा कायमची जोडली गेली. मत तर द्याच, पण सोबत एक नोटही द्या, असा तिचा अर्थ.

हा भाग साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांचा. ज्याच्या हातात संस्था आहे त्याच्याकडे गाड्या, माणसं आणि गावोगावचं जाळं आयतं असतं. शेतकरी चळवळीतल्या उमेदवाराकडे ते नसतं. त्यामुळे ऊस उत्पादकांनीच खिशातून पैसे काढणं ही आधी गरज होती. पण त्यातून जे घडलं ते गरजेपुरतं राहिलं नाही.

पैसे घेऊन मत देणारा मतदार उमेदवाराचा मिंधा होतो. निवडून आल्यावर त्याने रस्त्याचं, पाण्याचं विचारलं तर "तुझा हिशोब तेव्हाच चुकता केला," असं ऐकायची तयारी ठेवावी लागते. उलट ज्याने स्वतःची १० रुपयांची नोट दिली, त्याचा उमेदवारच मिंधा होतो. उपकाराची दिशा बदलते. १० रुपये देणारा शेतकरी सभेत ताठ बसतो, "आमचा माणूस आहे" म्हणतो, आणि चुकलं तर "आमच्या पैशावर निवडून गेलास" असं तोंडावर सुनावतो.

मात्र छोटी देणगी म्हणजे विजयाची हमी नव्हे. २०१९ आणि २०२४ मध्ये त्याच हातकणंगलेत शेट्टी यांचा पराभव झाला. नोट देणारा माणूस जोडला जातो, पण तो कायमचा बांधला जात नाही.

आकडे काय सांगतात

२०२४ च्या विधानसभेला राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदारसंघ २८८. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३० हजारांच्या वर मतदार. २०२२ मध्ये ठरलेल्या मर्यादेप्रमाणे विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत खर्च करता येतो.

समजा, ३ लाखांपैकी १० टक्के मतदारांनी प्रत्येकी १० रुपये दिले. जमा झाले ३ लाख. कायदेशीर मर्यादेच्या दहाव्या भागालाही ते पुरत नाहीत. पण उमेदवाराच्या वहीत ३० हजार नावं आली. गावनिहाय, वाडीनिहाय. ३० हजार माणसांनी आपल्यासाठी खिशात हात घातला, हे त्याला मतदानाच्या आधीच कळलं. कुठल्या गावात पावती पुस्तक संपलं आणि कुठल्या गावातून ते कोरं परत आलं, यावरून हवा कुठे आहे तेही समजतं.

अनामत रकमेचंही तसंच. विधानसभेसाठी ती १० हजार आणि लोकसभेसाठी २५ हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना निम्मी. एखादा उमेदवार लोकांकडून गोळा केलेली चिल्लर पोत्यात भरून अर्ज भरायला येतो आणि कर्मचारी ती मोजत बसतात, अशा बातम्या दर निवडणुकीत येतात. १० हजार रुपये कोणाकडूनही उसने मिळाले असते. चिल्लर आणण्यामागे 'मी लोकांच्या पैशावर उभा आहे' हे दाखवायचं असतं.

छोटी रक्कम मागण्याची पाच कारणं

एक, नाही म्हणायला कारण उरत नाही. ५०० मागितले तर "पुढच्या महिन्यात बघू." १० मागितले तर हात खिशात जातो. अमेरिकेत १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कर्करोगाच्या संस्थेसाठी घरोघरी मदत मागताना "एक पैसा दिलात तरी चालेल" अशा अर्थाचं वाक्य जोडलं गेलं. देणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २९ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं, आणि लोकांनी रक्कमही कमी केली नाही.

दोन, एकदा दिलं की दुसऱ्यांदा देणं सोपं जातं. आज १० रुपये, उद्या सभेला गाडी, परवा बूथवर बसायची तयारी. पहिला होकार मिळवणं हेच अवघड असतं.

तीन, देणारा प्रचारक होतो. ज्याचा पैसा लागला आहे त्याला तो वाया जावा असं वाटत नाही. तो स्वतः मतदानाला जातो आणि घरच्यांनाही नेतो.

चार, प्रतिमा. १ लाख लोकांचे १० लाख आणि एका ठेकेदाराचे १० लाख, बँकेत दोन्ही सारखेच. लोकांच्या नजरेत सारखे नाहीत.

पाच, मोबाइल नंबर. ऑनलाइन देणगी देताना नाव, नंबर, गाव भरावं लागतं. पक्षासाठी त्या ५ रुपयांपेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची असते. पुढची पाच वर्षं संदेश याच नंबरावर येतात.

मोठ्या पक्षांनीही तेच केलं

ज्यांच्याकडे पैशाची कमतरता नाही असे पक्षही छोटी देणगी मागतात, यावरून वरचं म्हणणं पटतं. भाजपने २५ डिसेंबर २०२१ ला छोट्या देणग्यांची मोहीम सुरू केली. नमो ॲपवरून ५ रुपयांपासून १ हजारापर्यंत देता येत होते आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी स्वतः १ हजार रुपये दिले. काँग्रेसने १८ डिसेंबर २०२३ ला 'डोनेट फॉर देश' मोहीम काढली. पक्षाला १३८ वर्षं झाली म्हणून १३८, १,३८० आणि १३,८०० रुपये असे आकडे ठेवले, आणि प्रेरणा म्हणून टिळक स्वराज्य फंडाचं नाव घेतलं. आम आदमी पक्षाने २०१३ च्या दिल्ली विधानसभेला २० कोटींचं उद्दिष्ट ठेवलं आणि तेवढे जमल्यावर "आता देणगी नको" असं जाहीर केलं. तेव्हा देणगीदारांची नावं संकेतस्थळावर दिसत होती. पुढे ती यादी काढली गेली आणि त्यावर टीकाही झाली.

अमेरिकेत तर काही काळ देणगीदारांची संख्या हीच परीक्षा झाली. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स सभांमधून सरासरी देणगी २७ डॉलर असल्याचं अभिमानाने सांगत. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या वादसभांत जागा मिळवायचा एक मार्ग ठरवला: ६५ हजार वेगवेगळे देणगीदार दाखवा, आणि किमान २० राज्यांत प्रत्येकी २०० तरी हवेत. लगेच उमेदवार "एक डॉलर द्या" म्हणून विनवू लागले. रक्कम किती हे कोणी विचारतच नव्हतं, डोकी मोजली जात होती.

दुसरी बाजूही बघा

छोटी देणगी मागितली म्हणजे पक्ष छोट्या माणसांच्या पैशावर चालतो, असं समजू नये. निवडणूक रोखे १ हजारापासून १ कोटीपर्यंतच्या किमतीचे होते आणि त्यातला बहुतांश पैसा १ कोटीच्या रोख्यांतून आला. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. एका हाताने ५ रुपये आणि दुसऱ्या हाताने १ कोटी, असं एकाच वेळी चालू शकतं.

छोट्या देणगीच्या नावाखाली मोठा पैसाही लपतो. एकाच व्यक्तीकडून किंवा कंपनीकडून वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त देणगी आली तरच पक्षाला तिचा तपशील निवडणूक आयोगाला द्यावा लागतो. त्याखालच्या देणगीदारांची नावं बाहेर येत नाहीत. एका राष्ट्रीय पक्षाने तर वर्षानुवर्षं '२० हजारांवरची एकही देणगी नाही' असंच कळवलं आहे.

तिसरी गोष्ट नोकरदारांसाठी. 'अमुक पक्षाला देणगी दाखवा, कर वाचवा, कमिशन कापून पैसे रोख परत मिळतील' असं सांगणारे दलाल फिरतात. नावापुरत्या नोंदणी केलेल्या पक्षांमार्फत चालणाऱ्या या प्रकारांवर आयकर विभागाने छापे घातले आहेत. यात सापडलं तर वाचलेला कर व्याज आणि दंडासह भरावा लागतो. शिक्षक, कर्मचारी यांनी या वाटेला जाऊ नये.

पैसे देण्याआधी एवढं बघा

- पावती घ्या. त्यावर पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव, क्रमांक, तारीख आणि सही हवी. १० रुपयांची असली तरी पावती ती पावतीच.
- व्हॉट्सॲपवर फिरणारा कोड डोळे झाकून स्कॅन करू नका. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर खात्याचं नाव दिसतं, ते वाचा. पैसे द्यायला पिन लागतो. 'पैसे परत मिळतील, पिन टाका' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.
- 'दरमहा' किंवा 'ऑटो पे' असं लिहिलं आहे का ते तपासा. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीत आधीच टिक केलेल्या चौकटींमुळे देणगीदारांच्या खात्यातून पुन्हापुन्हा पैसे गेले आणि मोठ्या रकमा परत कराव्या लागल्या.
- पक्षाला रोखीने २ हजारांपर्यंतच द्या. त्यावरची रक्कम चेक किंवा ऑनलाइन द्या. जुन्या करप्रणालीत पक्षाच्या देणगीवर सूट मिळते, पण रोख दिलेल्या पैशावर नाही.
- देणगी देणं ऐच्छिक आहे. संस्थेच्या पगारातून, उसाच्या किंवा दुधाच्या बिलातून न विचारता कापलेले पैसे म्हणजे देणगी नव्हे.

हिशोब कुठे बघायचा?

विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवाराला निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं आणि निकालानंतर ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. कारण नसताना हिशोब दिला नाही तर निवडणूक आयोग त्याला ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हा हिशोब नाममात्र शुल्क भरून कोणालाही बघता येतो. त्यासाठी पत्रकार किंवा वकील असावं लागत नाही.

जत्रेच्या पट्टीचा हिशोब देवळात वाचून दाखवला जातो, म्हणून पुढच्या वर्षी पट्टी गोळा होते. उमेदवाराला दिलेल्या नोटेचंही तसंच आहे. १० रुपये देऊन माणूस गप्प बसला तर उमेदवाराला मिळाली फक्त एक नोट आणि एक नंबर. पावती जपून ठेवली आणि निकालानंतर हिशोब विचारला, तर त्याच १० रुपयांत देणाऱ्याला विचारण्याचा हक्क मिळतो.