मातुलुंग ऊर्फ महाळुंग

अध्यापनाच्या काळांत अमरकोशांतील ‘मातुलुंग’ शब्दाचा अर्थ ‘एक प्रकारचें मोठें लिंबू’ असा सांगून आम्ही पुढें जात असूं. फलपूर, बीजपूर, रुचक हे त्याचे पर्याय मुखोद्गत होते. फळ मात्र पाहिलेलें नव्हतें. सेवानिवृत्तीनंतर शिरूर अनंतपाळ येथें एका गृहस्थांच्या परसांत तें प्रथम हातीं आलें, आणि आमच्या जुन्या टिपणांतील एक चूक उघडी पडली. ती येथें नमूद करणें अवश्य वाटतें.

फळ लांबट, पिवळें, खरबरीत. टोंकास बोंडासारखा उंचवटा. चिरिलें असतां सालीखालीं जाड पांढरा गर, मधोमध थोडें आंबट केसर, आणि बिया पुष्कळ. बीजपूर हें नांव कां, हें तत्क्षणीं कळलें. सुश्रुतानें याची साल, मांस व केसर यांचे गुण पृथक् कां सांगितले, तेंही उमगलें.

आतां आमची चूक. एका लकुलीशमूर्तीच्या टिपणांत ‘डाव्या हातीं दंड, उजव्या हातीं बिल्वफळ’ असें आम्ही लिहिलें होतें. मूर्ति शैव, तेव्हां फळ बेलाचेंच, हा आमचा तर्क! परंतु बेल वाटोळा व गुळगुळीत; पाषाणांतील फळास तर बोंड होतें. लकुलीशाच्या हातीं मातुलुंगच असतें. वेरूळ येथील बौद्ध जंभलाच्या हातींही तेंच. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या खालच्या उजव्या हातीं महाळुंग असून इतर हातीं गदा, खेटक व पानपात्र आहेत; प्राधानिकरहस्यांत हींच चार नांवें येतात. ग्रंथ व मूर्ति परस्परांस साक्ष देतात, परंतु ती साक्ष वाचण्यास फळाची ओळख पाहिजे.

इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास थिओफ्रास्टस या ग्रीक पंडितानें हें फळ मीडिया व पर्शिया या देशांचें म्हणून वर्णिलें. यहुदी लोक सुक्कोथ सणांत तें हातीं धरितात. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानें असें दाखविलें कीं, महाळुंग ही या कुळांतील मूळ जातींपैकीं एक असून आपलें कागदी लिंबू तिच्या संकरापासून झालें. म्हणजे आम्ही इतकीं वर्षें पुत्राच्या नांवानें पित्याची ओळख करून देत होतों!

असो. मूर्तींच्या हातांतील ‘बेल’, ‘आंबा’ वा ‘लिंबू’ अशा आपापल्या जुन्या नोंदी वाचकांनीं पुनः ताडून पाहाव्या. आणि कोठें झाड आढळल्यास त्याची फांदी लावून ठेवावी. बियांपासूनच्या रोपांत संकरानें पाठभेद शिरण्याचा संभव असतो. फांदी मात्र मुळाबरहुकूम नक्कल होय. पोथीची नक्कल करणाऱ्यांस याहून अधिक सांगणें नलगे.