नराणी ते इनफिल : कोल्हापूर परिसरातील नखनिगेच्या सेवेचा सामाजिक इतिहास

सारांश

नखांची निगा हा विषय इतिहासलेखनात क्वचितच येतो. प्रस्तुत शोधनिबंधात कोल्हापूर परिसर केंद्रस्थानी ठेवून, गावगाड्यातील न्हाव्याच्या नराणीपासून आजच्या सलूनमधील कृत्रिम नखांच्या 'इनफिल'पर्यंतचा प्रवास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. ठरावीक कालावधीने पुन:पुन्हा करावी लागणारी निगा हा दोन्ही काळांना जोडणारा धागा आहे. मात्र मोबदल्याची रीत, सेवा देणाऱ्या व्यक्तीची जात व लिंग आणि स्पर्शाचे नियम यांत मोठे बदल झाले आहेत. या बदलात काय मिटले आणि काय उरले, तसेच सेवा देणाऱ्या व्यक्तीच्या आरोग्याचा व प्रतिष्ठेचा प्रश्न कोठे येऊन थांबला आहे, याचा येथे विचार केला आहे.

बीजशब्द : नखनिगा, बलुतेदारी, नराणी, राजर्षी शाहू, इनफिल, स्त्री-श्रम.

प्रस्तावना

कोल्हापूर शहरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या भागांतून फिरताना 'नेल आर्ट' आणि 'नेल एक्स्टेन्शन' अशा पाट्या आज सहज दृष्टीस पडतात. लग्नसराईत नवरीची मेंदी, केशभूषा यांच्याबरोबर नखेही आता सजावटीच्या यादीत आली आहेत. महाविद्यालयाच्या वर्गातही लांब, चकचकीत कृत्रिम नखे असलेल्या हातांनी टिपणे घेणाऱ्या विद्यार्थिनी दिसतात. या बदलाकडे 'फॅशन' म्हणून पाहून सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. परंतु दुसऱ्याच्या नखांची निगा राखणे हे श्रमाचे काम आहे. ते कोणी करावे, कोणाचे करावे आणि त्याचा मोबदला कसा मिळावा, हे प्रश्न आपल्या समाजात कधीच केवळ सौंदर्याचे नव्हते. म्हणून हा विषय सामाजिक इतिहासाच्या कक्षेत घेणे आवश्यक वाटते.

उद्दिष्टे

१) गावगाड्यातील नखनिगेच्या सेवेचे स्वरूप समजून घेणे.
२) कोल्हापूर संस्थानातील सुधारणांचा या सेवेशी असलेला संबंध तपासणे.
३) कृत्रिम नखांच्या नियमित इनफिलची पद्धत व तिच्यातील श्रमसंबंध यांचा आढावा घेणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. उपलब्ध ग्रंथ, कायदेविषयक माहिती आणि स्वत:चे निरीक्षण हा त्याचा आधार आहे.

गावगाड्यातील नराणी

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. बलुतेदारीची रचना समजून घेण्यासाठी तो आजही महत्त्वाचा आहे. सुतार, लोहार, कुंभार, परीट यांच्याप्रमाणे न्हावी हा बलुतेदार होता. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, वाटी यांच्याबरोबर नराणी असे. नराणी म्हणजे नखे काढण्याचे लहानसे धारदार हत्यार. हजामत झाल्यावर हातापायांची नखे काढणे हा त्याच सेवेचा भाग मानला जाई. न्हावी ठरलेल्या घरी ठरावीक दिवसांनी जाई आणि अंगणात किंवा ओसरीवर बसून काम करी. प्रत्येक वेळी पैसे देण्याची रीत नव्हती. सुगीला खळ्यावर धान्य मिळे, तेच बलुते.

या व्यवस्थेची दोन अंगे लक्षात घेणे आवश्यक आहे. एक म्हणजे न्हाव्याला गावात निश्चित स्थान व वर्षाचे धान्य मिळत असे. दुसरे म्हणजे हे काम त्याने निवडलेले नसे. ते जन्माने त्याच्याकडे येई आणि नाकारण्याची मुभा नसे. सेवा घेणाऱ्याच्या जातीवरही ती अवलंबून असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची हजामत गावचा न्हावी करीत नसे. म्हणजे नखे काढण्यासारखी क्षुल्लक वाटणारी कृतीसुद्धा गावातील स्पर्शाची सीमारेषा आखून देत होती. ज्या समाजाने संत सेना महाराजांसारखा वारकरी संत दिला, त्याच समाजाच्या व्यवसायाकडे मात्र हलक्या नजरेने पाहिले गेले, ही विसंगती नोंदविण्यासारखी आहे.

स्त्रिया, नखे आणि वस्तरा

न्हाव्याची नराणी प्रामुख्याने पुरुषांसाठी होती. स्त्रिया आपली नखे घरच्या घरीच काढीत. दिवेलागणीनंतर नखे काढू नयेत, काढलेली नखे घरात पडू देऊ नयेत, सुतकात नखे काढू नयेत, असे संकेत पाळले जात. भाकरी थापणाऱ्या, शेण सारवणाऱ्या, भांगलण करणाऱ्या हाताला लांब नखे परवडत नसत. त्यामुळे वाढलेले नख हे श्रमातून सुटका असल्याची खूण ठरले. चीनमध्ये छिंग काळातील राजस्त्रिया लांब नखांवर मौल्यवान धातूची टोपणे घालीत, त्यामागील अर्थही हाच होता.

कष्टकरी स्त्रीच्या नखांना सण मात्र होता. नागपंचमीला मुली व सासुरवाशिणी मेंदी लावीत. तळव्यावरचा रंग आठ-पंधरा दिवसांत फिका पडे, पण नखावरचा रंग टिके. कारण नखाचा दिसणारा भाग निर्जीव केरॅटिनचा असतो आणि मेंदीचा रंग त्याला घट्ट धरून राहतो. नख वाढेल तसा मुळाशी बिनरंगी भाग दिसू लागे आणि लाल कड हळूहळू टोकाकडे सरके. बोटाच्या नखाला पूर्ण नवे येण्यास सुमारे सहा महिने लागतात. नखावरील रंगाची सरकती रेघ पाहून श्रावण किती मागे पडला याचा अंदाज येई. आजच्या इनफिलचे मूळ कारणही हीच मुळाशी दिसणारी मोकळी जागा आहे.

न्हाव्याचा वस्तरा स्त्रीच्या वाट्याला आला तो वेगळ्याच निमित्ताने. काही उच्चवर्णीय जातींत विधवेचे सक्तीने केशवपन केले जाई. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा वारसा घेऊन नारायण मेघाजी लोखंडे यांनी या प्रश्नावर मुंबईतील न्हाव्यांना संघटित केले आणि १८९० मध्ये त्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. सेवा देणाऱ्याने 'हे काम आम्ही करणार नाही' असे म्हणणे, हे बलुतेदारीच्या चौकटीत जवळजवळ अशक्य होते. म्हणून ही घटना स्त्रीमुक्तीच्या इतिहासाइतकीच श्रमाच्या इतिहासातही महत्त्वाची ठरते.

राजर्षी शाहूंचे कोल्हापूर

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी केलेल्या सुधारणांचा येथे थेट संबंध येतो. १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी विधवाविवाहास कायद्याचे संरक्षण मिळाले. १९१८ मध्ये महार वतन रद्द झाले व बलुतेदारीची पद्धतही बंद करण्यात आली. विविध जातींच्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात उभ्या राहिलेल्या वसतिगृहांच्या मालिकेत नाभिक समाजाचे वसतिगृहही होते.

या निर्णयांचा एकत्रित अर्थ असा, की जन्म आणि व्यवसाय यांची गाठ सोडविण्याचा प्रयत्न राज्यसत्तेने केला. न्हाव्याचा मुलगा शिकून अन्य व्यवसायात जाऊ शकतो, हे एका बाजूने मान्य झाले. त्याची दुसरी बाजू अशी, की न्हाव्याचे काम अन्य जातीची व्यक्तीही करू शकते. ही दुसरी बाजू प्रत्यक्षात येण्यास मात्र फार काळ लागला. स्वातंत्र्योत्तर काळात राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला. केशकर्तनालय बाजारपेठेत आले, बलुत्याच्या जागी रोख पैसा आला. या स्थित्यंतरात नराणी मागे पडली आणि घरोघरी नेलकटर आला. नखांची निगा काही काळ सेवा न राहता खासगी बाब झाली.

नखे पुन्हा सेवेत

नखे पुन्हा दुसऱ्याच्या हाती सोपविली गेली ती सौंदर्यप्रसाधनाच्या मार्गाने. पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅनिक्युअरची स्वतंत्र दुकाने सुरू झाली. भारतात १९५२ मध्ये टाटा समूहाने लॅक्मे ही प्रसाधन कंपनी सुरू केली आणि देशी नेलपॉलिश मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. पुढे ब्युटी पार्लर हा स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालविलेला व्यवसाय शहरांतून तालुक्यांपर्यंत पोहोचला.

कृत्रिम नखांचा उगम दंतवैद्यकात आहे. अमेरिकेतील दंतवैद्य फ्रेडरिक स्लॅक यांनी १९५४ मध्ये दातांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिकपासून तुटलेल्या नखाची दुरुस्ती केली. त्यातून ॲक्रिलिक नखांचा व्यवसाय वाढला. पुढे दिव्याच्या प्रकाशात कडक होणारे जेल आले. १९७५ नंतर अमेरिकेत आलेल्या व्हिएतनामी निर्वासित स्त्रियांनी हे कौशल्य शिकून उपजीविका उभी केली. अभिनेत्री टिपी हेड्रन यांनी त्यांच्यापैकी काहींच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली होती. हातात भांडवल नसलेल्या स्त्रीला अल्प काळात शिकता येणारे काम, हे या व्यवसायाचे वैशिष्ट्य तेथेही दिसते आणि येथेही.

इनफिल : निगेचे नवे चक्र

कृत्रिम नख एकदा बसविले म्हणजे काम संपत नाही. बोटाचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. त्यामुळे दोन ते तीन आठवड्यांत मुळाशी मोकळी जागा दिसू लागते. हा दोष केवळ दिसण्याचा नसतो. कृत्रिम नखाचा सर्वांत जाड व मजबूत भाग टोकाकडे सरकतो, तोल बिघडतो आणि थोड्या धक्क्याने नख उचकटण्याची शक्यता वाढते. उचकटलेल्या फटीत पाणी साचल्यास जंतुसंसर्ग होतो व नख हिरवट पडू शकते. म्हणून सुटलेला भाग कानशीने घासून काढणे, मुळाशी नवे जेल किंवा ॲक्रिलिक भरणे, जेल असल्यास ते दिव्याखाली कडक करणे आणि पुन्हा आकार देणे ही क्रिया नियमाने करावी लागते. हेच इनफिल, आपल्याकडील सलूनमध्ये त्याला 'रिफिलिंग' असेही म्हणतात. नख घाईने ओढून काढल्यास मूळ नखाचे पापुद्रे निघतात; ते कुशल हातानेच काढावे लागते.

येथे बलुतेदारीशी तुलना करता येते. न्हाव्याची फेरी आणि इनफिलची वेळ ही दोन्ही शरीराच्या वाढीने ठरविलेली चक्रे आहेत. दोन्हींत तोच हात पुन:पुन्हा त्याच व्यक्तीकडे जातो व ओळख वाढते. परंतु पूर्वी न्हावी घरी येई, आता ग्राहक सलूनमध्ये जाते. पूर्वी नाते जन्माने ठरे, आता ते दोन्ही बाजूंना तोडता येते. हे स्वातंत्र्य मोठे आहे. मात्र सुगीच्या धान्याची हमी गेली; ग्राहक आली नाही तर त्या दिवसाची कमाई नाही.

आरोग्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. ग्राहक तीन आठवड्यांनी एकदा येते. नखे करणारी तरुणी मात्र दररोज कानशीची धूळ आणि रसायनांची वाफ यांच्या सान्निध्यात असते. ॲक्रिलेट वर्गातील रसायनांची त्वचेला एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा कायम राहते, आणि दंतोपचारातील तत्सम पदार्थही पुढे त्रासदायक ठरू शकतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात मिथाइल मेथॅक्रिलेट द्रवाच्या वापराविरुद्ध कारवाई झाली. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून जेलमधील टीपीओ या घटकावर बंदी घातली. भारतात प्रसाधनांसाठी २०२० चे नियम आहेत. परंतु काम करणाऱ्या व्यक्तीचा विचार करता, महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुख्यत: कामगारांची किमान ठरावीक संख्या असलेल्या आस्थापनांना लागू होतो. दोन-तीन मुलींच्या बळावर चालणारे सलून त्याच्या बहुतांश तरतुदींबाहेर राहते.

निष्कर्ष

१) नखनिगेची सेवा ही गावगाड्यात जातीने बांधलेली होती. आज तिचे स्वरूप प्रशिक्षणावर आधारित असून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सौंदर्यप्रसाधनाचा अभ्यासक्रमही उपलब्ध आहे.

२) १९१८ च्या निर्णयाने कोल्हापुरात जन्म व व्यवसाय यांची गाठ सैल केली. कोणत्याही जातीची तरुणी आज कोणाच्याही पायाची नखे हातात घेऊन काम करते, ही त्या विचाराची एक शांत फलश्रुती मानता येईल.

३) कामाविषयीची हलकी नजर मात्र पूर्णपणे गेलेली नाही. मुलगी 'पार्लरमध्ये असते' हे सांगताना अनेक घरांत आवाज खाली येतो. पूर्वी न्हाव्याच्या कामाकडे ज्या नजरेने पाहिले गेले, तिचाच हा अवशेष आहे.

४) लहान सलूनमधील कामगारांसाठी हवा खेळती ठेवणे, हातमोजे, रसायनांच्या घटकांची माहिती आणि ॲलर्जीची वेळीच तपासणी यांची किमान चौकट निर्माण होणे गरजेचे आहे.

१८९० मध्ये न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला, तेव्हा सेवा देणाऱ्यालाही स्वत:चे म्हणणे असते हे समाजाला कळले. आज त्वचेला खाज सुटलेली एखादी तरुणी 'हे जेल मी वापरणार नाही' असे मालकिणीला सांगू शकते काय, या प्रश्नाच्या उत्तरावर आपल्या सुधारणेचे मोजमाप ठरेल.