शेणांतील अंडीं आणि पोटांतील जंत

गुरांच्या पोटांत जंत होतात, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते जिवंत जनावरांत ओळखावयाचे कसे, या प्रश्नाचा इतिहास फार जुना नाहीं. दुभत्या गाईचें दुखणें दुसऱ्या दिवशीं चरवींत दिसतें. मांसासाठीं वाढविलेला खोंड मात्र महिनेच्या महिने कुरणांत असतो. त्याचें वजन वाढलें नाहीं हें मालकाला कळतें, तेव्हां हंगाम संपलेला असतो.

ज्या जंताची हकीकत मुख्यतः सांगावयाची, तो कत्तलखान्याशीं संबंधित अशा शास्त्राच्याच ओघांत उजेडांत आला. मांसतपासणीच्या शास्त्राचे एक आद्य प्रवर्तक रॉबर्ट ओस्टरटाग या जर्मन पशुवैद्यांनीं १८९० सालीं गुरांच्या चौथ्या पोटांतील एका जंताचें वर्णन प्रसिद्ध केलें. लांबी सुमारें एक सेंटिमीटर, जाडी केसाएवढी, रंग तपकिरी. १८९२ मध्यें अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ स्टाइल्स यांनीं त्या जंतास ओस्टरटाग यांचें नांव दिलें, आणि १९०७ मध्यें रॅन्सम यांनीं सबंध प्रजातीलाच ओस्टरटागिया म्हटलें. हा सन्मान म्हणावा कीं काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

जिवंत जनावराच्या बाबतींत हातीं येतें तें शेण. जंताची मादी अंडीं घालते, तीं शेणाबरोबर बाहेर पडतात आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दिसतात. परंतु दिसणें निराळें आणि मोजणें निराळें. थोडे जंत बहुतेक प्रत्येक चरणाऱ्या गुराच्या पोटांत असतात; रोग होतो तो त्यांच्या संख्येमुळें. माणसांतील अंकुशकृमींचीं अंडीं मोजण्याची व्यवहार्य रीत नॉर्मन स्टॉल यांनीं १९२३ सालीं बसविली. पशुवैद्यकांत मात्र जी रीत रूढ झाली ती सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेंतील गॉर्डन व व्हिटलॉक यांची, १९३९ सालची, आणि तीहि मूळची मेंढ्यांच्या लेंड्यांसाठीं.

युक्ति अगदीं साधी आहे. शेण मिठाच्या दाट द्रावणांत कालवून गाळावें. द्रावण अंड्यांपेक्षां जड असल्यामुळें अंडीं तरंगून वर येतात. कांचेच्या लहानशा पेटीच्या वरच्या कांचेवर दोन चौकटी आंखलेल्या असतात व प्रत्येकीखालीं ०.१५ घन सेंटिमीटर द्रव मावतो. ४ ग्रॅम शेणाचें ६० घन सेंटिमीटर मिश्रण केलें असेल, तर दोन्ही चौकटींतील अंड्यांच्या संख्येस ५० नें गुणिलें कीं एका ग्रॅममधील अंडीं कळलीं.

गुरांच्या बाबतींत हा आंकडा पुष्कळदां फसवा ठरतो. कित्येक जातींच्या जंतांचीं अंडीं इतकीं सारखीं असतात कीं, शेण आठवडा-दोन आठवडे उबेंत ठेवून अळ्या निघूं द्याव्या लागतात व त्यांवरून जात ओळखावी लागते. आणि पोटांतले जंत अंडींच घालीत नसतील तर?

या प्रश्नानें स्कॉटलंडांतील पशुवैद्यांस बराच काळ चकविलें. तेथें हिंवाळ्यांत गुरें गोठ्यांत असतात. हिंवाळा सरतां सरतां, कित्येक महिने कुरण न पाहिलेल्या तरुण जनावरांस एकाएकीं पाण्यासारखी हगवण लागे, जबड्याखालीं सूज येई, आणि कांहीं खंगून मरत. शेण तपासावें तर अंडीं थोडीं, कधीं मुळींच नाहींत! ग्लासगो येथील अँडरसन, आर्मर, जॅरेट प्रभृतींनीं १९६५ सालीं आपली पाहणी प्रसिद्ध केली. गवताबरोबर पोटांत गेलेली ओस्टरटागियाची अळी एरवीं जठराच्या ग्रंथींत शिरून सुमारें तीन आठवड्यांत पूर्ण वाढते. शरदांत खाल्लेल्या अळ्या मात्र तेथेंच वाढ थांबवून निजून राहतात, आणि काहीं महिन्यांनीं हजारोंनीं एकदम बाहेर पडतात. ग्रंथींचा नाश होतो, आम्ल तयार होईनासें होतें. आम्लांत ज्याचें पेप्सिन व्हावयाचें तें पेप्सिनोजेन तसेंच राहून रक्तांत झिरपतें. शेणांत न मिळणारा पुरावा तेव्हां रक्तांत मिळतो. ‘अंडीं नाहींत’ एवढ्यावर विसंबून निर्धास्त झालेल्या शेतकऱ्याचीं जनावरें दगावत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कसोटीची किंमत कळते.

पुढें औषधांचा काळ आला. १९६१ मध्यें थायाबेंडाझोल निघालें. निजलेल्या अळ्यांस तें फारसें बाधत नसे. १९८१ पासून मिळूं लागलेलें आयव्हरमेक्टिन त्यांनाहि मारी, आणि तें इतकें सोयीचें होतें कीं शेण तपासण्याची खटपटच पुष्कळांनीं सोडली. माझ्या मतें चूक झाली ती येथें. सरसकट औषध दिलें कीं जे जंत त्यांतून वांचतात त्यांचीच प्रजा वाढते. न्यूझीलंडच्या उत्तर बेटांतील मांसासाठीं गुरें पाळणाऱ्या ६२ शेतांची पाहणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं शेकडा ९२ ठिकाणीं आयव्हरमेक्टिनला न जुमानणारे जंत आढळले, आणि ते मुख्यतः आंतड्यांत राहणाऱ्या कूपेरिया या प्रजातीचे होते.

हें ठरविण्यासाठीं पुन्हां अंडींच मोजावीं लागतात: एकदां औषधापूर्वीं, एकदां दोनएक आठवड्यांनीं. संख्या शेकडा ९५ नें तरी घटली नाहीं, तर औषधाविषयीं संशय घ्यावयाचा. एका जनावरावरून कांहींच ठरत नाहीं, म्हणून दहा-पंधरांचें शेण घेतात, आणि तेंहि थेट गुदद्वारांतून. जमिनीवरचें चालत नाहीं, कारण मातींतले निरुपद्रवी सूक्ष्मकृमि त्यांत मिसळून अळ्या ओळखणाऱ्याची फसगत करतात.